घरी बांधलेला व्हीसीओ: एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

युरोरॅक या मॉड्युलर सिंथेसायझरच्या साच्यात बसणारा हा व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजने सूर बदलणारा ऑसिलेटर, मी उन्हाळ्यात बांधला. साधा सॉटूथ कोअर (कपॅसिटर करंटने भरत जातो, मग झटकन रिकामा होतो), व्होल्टेजचा करंट करणाऱ्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरला जुळवून निवडलेले दोन ट्रान्झिस्टर, त्यांना चिकटवलेला ३३०० पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर (तापमानाचा परिणाम भरून काढणारा), बाकी सगळे टीएल०७२ ऑप-अँप आयसी. टेम्पको आणि साडेतीन मिलिमीटरचे जॅक बाहेरून मागवले, उरलेला माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा. आवाज भरदार, किंचित खरखरीत, मला आवडतो. खरी परीक्षा सुराची झाली.

पहिली तपासणी वीज न देता. आयसी सॉकेटबाहेर ठेवून +१२, -१२ आणि ग्राउंड आपसात शॉर्ट नाहीत ना, हे मल्टिमीटरने बघायचं. मग सप्लाय देऊन रिकाम्या सॉकेटच्या ८ नंबर पिनवर +१२ आणि ४ नंबरवर -१२ येतायत का ते मोजायचं. रिबन केबलची लाल कड -१२ कडे. उलटी लागली तर आयसी गेलेच समजा, म्हणून दोन्ही रेलवर, म्हणजे +१२ आणि -१२ च्या वाटांवर, एकेक शॉट्की डायोड टाकलाय. तुम्हीही बिनधास्त टाका.

ट्यूनिंगला एका व्होल्टला एक सप्तक, म्हणजे सेमीटोनला साधारण ८३ मिलिव्होल्ट. पण ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंत तो व्होल्ट जेमतेम १८ मिलिव्होल्ट होऊन पोचतो, म्हणजे सेमीटोनच्या वाट्याला दीड मिलिव्होल्ट! मल्टिटर्न ट्रिमपॉट फिरवून फिरवून पाच सप्तकं जुळवली. मे महिन्यात काळी एकच्या तानपुऱ्याशी मिळवून ठेवला की संध्याकाळभर हलायचा नाही.

पाऊस लागला आणि खालचे स्वर उतरू लागले. वरचे मात्र जिथल्या तिथे.

हे लक्षण फार कामाचं आहे. कन्व्हर्टर तापमानाने बिघडला असता तर वरच्या टोकालाही फरक दिसला असता. फक्त वरचेच स्वर कमी पडले असते, तर कपॅसिटर रिकामा व्हायला लागणाऱ्या वेळेवर संशय गेला असता. एकटे खालचे उतरतात तेव्हा कुठेतरी करंट गळतोय. हिशोब करून बघा: १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ५ व्होल्टची सॉटूथ, २० हर्ट्झ, म्हणजे चार्जिंग करंट फक्त १०० नॅनोअँपिअर. बोर्डावर १०० मेगाओमची वाट तयार झाली, तर ५ व्होल्टला त्यातले ५० तिथूनच पळतात. २००० हर्ट्झला करंट १० मायक्रोअँपिअर असतो, तिथे एवढ्याने काही बिघडत नाही.

खात्री करायला मॉड्यूल चालू ठेवून खालचा स्वर लावला आणि कपॅसिटरच्या टाक्यांवर तोंडाची वाफ सोडली, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी. स्वर ढासळला आणि ओल उडाली तसा हळूहळू वर आला. सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळट थर तिथे होता आणि मुंबईची हवा त्यात पाणी भरत होती. डबीवर ‘नो-क्लीन’, म्हणजे धुवायची गरज नाही, असं लिहिलेलं असतं, ते एलईडी लुकलुकवणाऱ्या सर्किटला ठीक आहे. इथे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणि जुना टूथब्रश घेऊन दोन्ही बाजू घासल्या, बोर्ड पूर्ण वाळू दिला. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं नको, उरलेलं पाणीच असतं. त्यानंतर ऑगस्टच्या झडीतही खालचं सप्तक बसलेलं राहिलं.

बाकी तक्रारी किरकोळ. एका दुकानातून घेतलेल्या टीएल०७२ पैकी एक गरम होत होता. छपाईही संशयास्पद, सरळ बदलला. एफएमचा (दुसऱ्या सिग्नलने सूर हलवण्याचा) पॉट आता करकरतो.

एक गोष्ट अजून पुरती सुटलेली नाही. शेजारच्या व्हीसीओशी एकाच स्वरावर आणला की दोघं एकमेकांना ओढून चिकटतात. पॉवर रेलमधून एकमेकांचा आवाज पोचतो म्हणून. मॉड्यूलच्या तोंडाशी १० ओमच्या मागे १० मायक्रोफॅरड होता, तिथे ४७ टाकल्यावर बराच फरक पडला. ड्रोन लावताना हे चिकटणं सोयीचंच पडतं, त्यामुळे दोघांना वेगळ्या पॉवर बसवर (वीजपुरवठ्याच्या पट्टीवर) न्यायचं काम लांबतंय.