बाहेरची लाकडाची भट्टी: चार हिवाळ्यांनंतर, आणि मुख्यतः जमिनीखालच्या पाइपाबद्दल

2023 च्या जानेवारीत आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे विस्कॉन्सिनला आले होते. रात्रभर पडलेल्या बर्फाचा वीतभर थर सकाळी अंगणात साचला होता, आणि भट्टीत लाकडे भरायला माझ्याबरोबर निघालेले बाबा मध्येच थांबले. भट्टीपासून थेट घराच्या तळघरापर्यंत हातभर रुंदीचा एक पट्टा उघडा पडला होता आणि त्यात भिजलेले, हिरवट गवत दिसत होते. "अरे, इथे बर्फ का टिकला नाही?" एवढेच त्यांनी विचारले. सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला त्याचे उत्तर ठाऊक होते. मी मात्र तो पट्टा आधीच्या हिवाळ्यातही पाहिला होता आणि त्याचा काही विचार केला नव्हता.

ही भट्टी आम्ही 2021 च्या सप्टेंबरात बसवली. ती अंगणात लाकूड जाळून पाणी तापवते, आणि ते पाणी जमिनीखालच्या पाइपातून घरात जाऊन, घर गरम करून परत येते. 15 मे 2020 पासून लागू झालेल्या ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या) नियमानुसार अशा भट्टीतून दर 10 लाख बीटीयू (उष्णता मोजायचे एकक) उष्णतेमागे 0.10 पौंडापेक्षा जास्त धुराचे कण बाहेर पडता कामा नयेत, त्यामुळे लाकडातून निघणारा वायू पुन्हा जाळणाऱ्या नव्या पद्धतीचीच भट्टी घ्यावी लागली. पाण्याची साठवण साधारण 250 गॅलन, घरापासूनचे अंतर 120 फूट, आणि घरातल्या जुन्या प्रोपेन फर्नेसच्या हवेच्या मार्गात बसवलेले गरम पाण्याचे कॉइल, अशी आमची मांडणी आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी 14 कॉर्ड लाकूड जाळले. एक कॉर्ड म्हणजे 4 फूट रुंद, 4 फूट उंच आणि 8 फूट लांब रचलेला ढीग, म्हणजे 128 घनफूट. असे चौदा ढीग फोडून, रचून, वाहून नेल्यावर कंबरेची काय अवस्था होते ते वेगळे सांगायला नको. मार्चअखेर माझे मत पक्के झाले होते की भट्टी निकृष्ट आहे. दाराच्या आतल्या बाजूला डांबरासारखा चिकट काळा थर साचत होता, धूर खाली बसत होता, आणि कडाक्याच्या थंडीत रात्री दहाला भरलेली भट्टी पहाटे चारला विझायला आलेली असे. तेव्हा कोणी विचारले असते तर मी घेऊ नका असेच सांगितले असते.

ते मत अर्धे चुकीचे होते, कारण अर्धा दोष माझ्या लाकडाचा होता. मी एका वर्षापूर्वी तोडलेला ओक जाळत होतो. ओलावा मोजण्याचे यंत्र घेतले, ओंडका मधोमध फोडून आतल्या ताज्या भागावर टेकवले, तर आकडा 32 टक्के आला. या भट्ट्यांना 20 टक्क्यांच्या आसपासचे लाकूड लागते, आणि ओकला तिथवर येण्यासाठी फोडून रचल्यावरही दोन वर्षे सहज लागतात. दुसऱ्या वर्षी मी उभ्या उभ्या वाळलेल्या अ‍ॅशकडे वळलो. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा अ‍ॅशची झाडे मारणारा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला, 2008 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये, आणि आता आमच्या टेकड्यांवर अ‍ॅशची मेलेली झाडे जागोजागी उभी आहेत. झाडांचे वाईट वाटते, पण ती नाहीतरी पाडावीच लागतात, आणि ते लाकूड उत्तम जळते. धूर जवळपास गेला. लाकूड मात्र फारसे वाचेना, आणि ते का, हे त्या जानेवारीपर्यंत कळले नाही.

बाबांनी दुपारी दोन थर्मामीटर मागितले. एक आम्ही भट्टीतून निघणाऱ्या पाइपावर बांधला, दुसरा तळघरात पाइप शिरतो तिथे, आणि दोन्ही वरून कापडाने घट्ट गुंडाळले. भट्टीपाशी 180 अंश फॅरेनहाइट, तळघरात 175. मला पाच अंश म्हणजे काहीच वाटले नाही. बाबांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. पंप मिनिटाला साधारण 8 गॅलन पाणी फिरवतो, म्हणजे तासाला सुमारे 4,000 पौंड. एक पौंड पाणी एक अंशाने तापवायला एक बीटीयू लागतो, तेव्हा पाच अंश गेले म्हणजे तासाला 20,000 बीटीयू, आणि दिवसाला 4 लाख 80 हजार. एका कॉर्ड अ‍ॅशमध्ये सुमारे 2 कोटी 40 लाख बीटीयू असतात. त्यातले 65 टक्के पाण्यापर्यंत पोहोचतात असे धरले तरी जेमतेम महिनाभरात एक अख्खी कॉर्ड फक्त गवत गरम करायला जात होती. हा नुसता जाणाऱ्या पाइपाचा हिशेब होता, परतीच्या पाइपाचा वेगळाच. तीच कॉर्ड प्रोपेनमध्ये मोजली तर चांगल्या फर्नेसमधले 190 गॅलन भरतात.

चिकट थराचे कोडेही तिथेच सुटले. परतीचे पाणी वाटेत आणखी थंड होऊन कडाक्याच्या रात्री 140 अंशांच्या खाली येत होते, आणि त्या थंड पत्र्यावर धुरातली वाफ आणि डांबर जमत होते. कारखान्यात वाफेच्या पाइपावरचे लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे आवरण, हातभर जरी निखळले तरी ते त्याच पाळीत दुरुस्त करायची शिस्त होती, आणि इथे 120 फूट पाइप जवळजवळ उघडा पडला होता, हे बाबांना सहनच होत नव्हते.

ज्याने भट्टी बसवली त्याला फोन केला, तर उत्तर मिळाले की थोडा बर्फ सगळ्यांकडेच वितळतो. तापमानाचे आकडे आणि फोटो पाठवल्यावर आठवडाभर शांतता. मग म्हणे जमीन गोठलेली आहे, मे महिन्यात बघू. मे महिन्यात चर खणला तेव्हा मी स्वतः तिथे उभा होतो. अडीच फुटांवर काळी पन्हाळीदार नळी लागली. ती कापताच आतून गढूळ, कोमट पाणी भळाभळा बाहेर आले आणि माझ्या हातमोज्यांवरून वाहिले. आत दोन्ही पाइपांना चंदेरी बुडबुड्यांचे प्लॅस्टिक गुंडाळलेले होते, तेही पाण्यात लोंबत होते. नळीचे घराकडचे टोक छपराच्या पावसाच्या पाइपाशेजारी, सील न करता, उघडेच सोडलेले होते. दीड वर्ष आमचे गरम पाणी या डबक्यातून येत-जात होते.

खरेदीच्या वेळी त्याने दोन पर्याय सांगितले होते: फुटाला 6 डॉलरचा हा पाइप, आणि 15 डॉलरचा, ज्यात दोन्ही पाइपांभोवती घट्ट बंद फोम भरलेला असतो. 11,000 डॉलरची भट्टी घेताना मी तिथे हजारभर डॉलर वाचवले, ही चूक माझी आहे. पण उघडे टोक ही चूक माझी नाही, आणि त्यासाठी मी दोन महिने भांडलो. शेवटी खणण्याची मजुरी त्याने सोडली, पाइपाचे 1,800 डॉलर मीच भरले. मला हा निवाडा आजही न्याय्य वाटत नाही.

2023-24 मध्ये 8 कॉर्ड लागल्या, पण तो विस्कॉन्सिनचा नोंदीतला सर्वात उबदार हिवाळा होता, म्हणून त्या आकड्यावर मी विसंबलो नाही. 2024-25 मध्ये थंडी नेहमीसारखी पडली आणि 9 कॉर्ड लागल्या. दाराच्या आतला थर आता कोरडा असतो, खरवडला की पापुद्रे गळतात.

बाकी देखभालीचे फार सांगण्यासारखे नाही. राख आठवड्याला काढतो, निखाऱ्यांचा थर ठेवून. दार आधी बोटभर उघडून थांबतो, कारण आत साचलेला वायू एकदम पेट घेतो. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून छोटा जनरेटर हाताशी लागतोच. पाण्यात गंजरोधक टाकून वर्षातून एकदा नमुना कंपनीकडे तपासायला पाठवतो. हमीची ती अट आहे. बाबा फोनवर घरच्यांची चौकशी करण्याआधी त्याचा निकाल विचारतात.

भट्टी आता मी खुशाल घ्या म्हणेन, पण चर बुजवण्याआधी नळीची दोन्ही टोके स्वतः बघा आणि दोन थर्मामीटर पहिल्याच दिवशी बांधा. माझे अजून तिथेच आहेत. गेल्या रविवारी भट्टीपाशी 181 होते, तळघरात 180.