स्प्लिटर आणि एअर डॅम : निपाणी-बेळगाव रस्त्यावर काही महिने वापरल्यानंतर

माझ्या पोलो १.२ टीएसआयच्या पुढच्या बंपरला गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस दोन गोष्टी लावल्या. एक आडवी फळी, म्हणजे स्प्लिटर. दुसरी बंपरखाली उभी लोंबणारी रबराची पट्टी, म्हणजे एअर डॅम. दोन्हींचा हेतू एकच: वेगात हवेच्या जोरावर गाडीचा पुढचा भाग रस्त्याला दाबून ठेवणं. ऊस हंगाम आणि उन्हाळा दोन्ही यातून गेले. आता माझं मत पक्कं आहे: पट्टी कायम राहणार, फळी उतरवली.

फळी चार मिलीमीटरच्या एसीपीची, जी दुकानांच्या बोर्डांना वापरतात तीच. बंपरच्या पुढे साधारण सहा सेंटीमीटर बाहेर. उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरकडून फळीसाठी ब्रॅकेट करून घेतले आणि ते बंपरला न धरता आतल्या लोखंडी मेंबरला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या तुळईला, पकडले. हे फार महत्त्वाचं आहे. बाजारातली बरीच स्प्लिटर नुसत्या स्क्रूने बंपरच्या प्लास्टिकला मारलेली असतात. हवा जे वजन टाकते ते मग बंपरच्या क्लिपांवर येतं, चाकांवर पोचायच्या आधी बंपरच वाकतो. रबराची पट्टी साखर कारखान्याच्या कन्व्हेअरच्या जुन्या पट्ट्याची, भंगारातून आणलेली, चार बोटं रुंद. फॅब्रिकेटर म्हणाला, "दादा, फळी घासणार की हो. रबर घासलं तरी काय होत नाही." पुढच्या काही महिन्यांत त्याचा शब्द न् शब्द खरा ठरला.

"गाडी रस्त्याला चिकटते" असं सगळेच सांगतात. मला आकडा हवा होता, म्हणून गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणली. यू आकारात फळकुटावर बसवली, पाण्यात नीळ घातली, मागे मिलीमीटरची मोजपट्टी चिकटवली. फळीत बारीक भोक पाडून नळीचं टोक पृष्ठभागाशी अगदी सपाट बसवलं. टोक जरा जरी वर आलं तर रीडिंग खोटं येतं. नळीत कापसाचा बोळा घातल्यावर पाण्याची नाचानाच थांबली. मी गाडी चालवायची, मावसभाऊ मागच्या सीटवर बसून वाचायचा. संकेश्वर ते यमकनमर्डी सरळ टप्पा, पहाटेची वेळ, दोन्ही दिशांनी, म्हणजे वाऱ्याचा परिणाम वजा होतो. वेग जीपीएसवरचा घ्यायचा, कारण स्पीडोमीटर जास्तच दाखवतो.

या पद्धतीची गंमत अशी की हिशेब तोंडी होतो. पाण्याचा एक मिलीमीटर फरक म्हणजे एका चौरस मीटरवर एक किलो वजन. ताशी १०० किलोमीटरला समोरून आदळणारी हवा पूर्ण थांबवली तर बेळगावच्या उंचीवर साधारण ४३ मिलीमीटर दाब मिळतो. हवा थांबवून यापेक्षा जास्त दाब मिळत नाही, कितीही महागडी फळी लावा.

नुसती फळी लावून शंभरला वर आणि खाली मिळून ३८ मिलीमीटरच्या आसपास फरक दिसला. ऐकायला भरपूर वाटतो. पण फळीचा बाहेर आलेला भाग किती? सुमारे १.४ मीटर लांब आणि सहा सेंटीमीटर रुंद. म्हणजे जेमतेम तीन किलो. नंतर फळी काढून नुसती पट्टी लावली आणि इंजिनखालच्या कव्हरला नळी जोडली. तिथे दाब आठच मिलीमीटर उतरला. पण ती जागा पाऊण चौरस मीटरहून मोठी आहे, म्हणजे सहा किलोच्या आसपास. दाब सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे हे अंदाजच आहेत, पण दोन्हींतलं अंतर लपत नाही. पट्टी गाडीखाली जाणारी हवाच अडवते, म्हणून पोटाखालच्या मोठ्या भागावरचा दाब उतरतो. साध्या गाडीचा पुढचा भाग वेगात मुळात वर उचलला जातो. आपण मिळवतो तो खरा डाऊनफोर्स, म्हणजे खाली दाबणारा जोर, कमी आणि त्या उचलण्यातली घटच जास्त.

मग दोन्ही एकत्र लावली तर नऊ किलो व्हायला हवेत ना? होत नाहीत. माझी पट्टी फळीच्या मागे खाली लोंबत होती. तिला अडून हवा फळीच्या पोटाखालीच साचते, तिथला दाब वाढतो आणि फळीचा फायदा जवळजवळ पुसला जातो. फळी पट्टीच्या खालच्या टोकाला बसवली तरच जोडी जमते, रेसच्या गाड्यांवर तशीच असते. पण तसं केलं तर कडक फळी रस्त्यापासून बारा सेंटीमीटरवर येते. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) नियमातला स्पीडब्रेकरच दहा सेंटीमीटर उंच असतो, आणि खानापूर-जांबोटी भागात गावाच्या तोंडाशी जे उंचवटे आहेत त्यांना कुठला नियम लावणार?

दुसरी गोष्ट समतोलाची. फळी पुढच्या ॲक्सलच्या पाऊण मीटर पुढे असते, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, अडीच मीटरच्या जवळपास. पुढे तीन किलो दाबले की तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवरून जवळपास एक किलो कमी होतो. इथे तो नगण्य आहे. मात्र ज्यांना पुढे मोठं काही लावायचं आहे आणि मागे काहीच नाही, त्यांनी पहिल्या ऑडी टीटीचं आठवावं. जर्मनीत वेगात मागचा भाग हलका होऊन अपघात झाले, तेव्हा कंपनीने आधीच विकलेल्या गाड्यांनाही मागे स्पॉयलर बसवून दिला. वळणात मागची चाकं सुटणं हे पुढची सुटण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. पट्टीचा परिणाम ॲक्सलच्या आसपासच पडतो, हा तिचा आणखी एक गुण.

हातात काही जाणवतं का? शंभरच्या पुढे-मागे स्टेअरिंग किंचित घट्ट लागतं असं मला वाटतं, पण पुढच्या ॲक्सलवर साडेसहाशे किलोच्या आसपास वजन असताना सहा किलो म्हणजे एक टक्का. टायरमधली हवा दोन पौंड इकडेतिकडे झाली तरी तेवढा फरक पडतो. वेग निम्मा झाला की परिणाम चौथाई होतो, म्हणून चोर्ला घाटात चाळिसाने जाताना सहा किलोचा एक किलोही राहत नाही. घाटात पकड हवी असेल तर पैसे चांगल्या टायरवर घाला, हे मी कळकळीने सांगतो. तवंदीच्या माथ्यावर पावसाळ्यात बाजूने जो वारा बसतो, त्यावरही यातलं काहीच उपयोगी नाही. मायलेजमध्ये फरक दिसला नाही, इंजिनचं तापमानही जसंच्या तसं.

टिकाऊपणात फळी पहिल्याच हंगामात गळपटली. नोव्हेंबरपासून निपाणी, संकेश्वर, हुक्केरीकडचे रस्ते उसाच्या डबल ट्रॉल्यांनी भरतात आणि सांडलेली कांडी रात्री दिसत नाहीत. एक कांडं फळीखाली आडवं अडकलं, डावा कोपरा वाकला तो वाकलाच. एसीपी एकदा मुडपली की सरळ होत नाही. पट्टीवर तसलीच कांडी येऊन गेली, पट्टी मागे वाकली आणि परत जागेवर आली. खालची कड थोडी झिजली आहे, एवढंच.

माणसांचाही विचार केला पाहिजे. फळीची कड माणसाच्या नडगीच्या उंचीवर येते. कडेला रबरी बीडिंग लावलं होतं, तरी खडे बाजारात गर्दीतून गाडी काढताना मला ती नकोशी व्हायची. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलामागे पाच हजार दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काहीही बोल्टने बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

पट्टी करणाऱ्यांसाठी: रबर सहा मिलीमीटर जाड घ्या. त्याहून पातळ असेल तर वेगात मागे लवतं आणि हवा खालून निघून जाते. भोकं लांबट पाडा, म्हणजे झिजेल तशी पट्टी खाली सरकवता येते. चाकांच्या समोरचा भाग दोन बोटं आखूड ठेवा, नाहीतर उतारावरून पार्किंगमध्ये शिरताना आधी तोच घासतो. पावसाळ्यापूर्वी बोल्ट उघडून ग्रीस लावा, खानापूरकडच्या पावसात ते जाम होतात. सगळा खर्च दीड हजाराच्या आत बसतो.