इंग्रजी शब्दांचा कोर्स घेतला आणि डोक्यावर ३०,००० चं कर्ज बसलं

आधीच सांगते, ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. हे वाक्य पोलिसांपासून मावशीपर्यंत सगळ्यांना ऐकवून माझा घसा कोरडा पडलाय. ओटीपी मी स्वतः, माझ्याच फोनवर, कोर्सवाल्यांनी पाठवलेल्या पानावर टाकला, कारण त्या पानावर ठळक अक्षरांत ‘ॲडमिशन कन्फर्मेशन’ लिहिलं होतं. मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघते. लाखाच्या बिलात अठरा रुपयांची तफावत असली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे ‘शिकल्यासवरलेल्या बाईने असं कसं केलं’ हे ज्यांना म्हणायचंय त्यांनी मनातच म्हणावं.

आम्ही इंदूरचे. घरात मराठी, शाळा मात्र बारावीपर्यंत हिंदी माध्यमाची, बी.कॉम.ही हिंदीतूनच. नोकरी सांभाळून एसएससी सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची परीक्षा, देणाऱ्या आमच्यासारख्यांचं दुखणं एकच. गणित, रीझनिंग हिंदीतून सोडवता येतं, इंग्रजीला पळवाट नाही. टियर-२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात, इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, म्हणजे पहिल्या पेपरच्या ३९० पैकी १३५, आणि एक उत्तर चुकलं की १ गुण गेला. ग्रामर मी रेटून नेते. पण समानार्थी शब्द, वन-वर्ड सब्स्टिट्यूशन (अख्ख्या वर्णनाला एकच शब्द), ईडियम्स (वाक्प्रचार) आले की हातपाय गळतात. कोर्स विकणाऱ्यांना आपलं हे दुखणं आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

जाहिरात होती, ‘हिंदी मीडियम से ॲडव्हान्स इंग्लिश, ३००० वर्ड्स, ६० दिन, सिलेक्शन की गॅरंटी.’ पुढचं सगळं नेहमीचंच, फुकट वेबिनार, मग फुकट टेस्ट. टेस्टचा निकाल आला की माझी व्होकॅब्युलरी आठवीच्या पोराएवढी आहे. (नंतर माझ्या मावसभावाने डिक्शनरी उघडून तीच टेस्ट दिली. त्यालाही आठवीच.) लगेच ‘काउन्सेलर’चा फोन. सुरुवात हिंदीत झाली, आडनाव ऐकलं आणि गडी एकदम मराठीवर आला. “ताई, आपण मराठी माणसं. तुमच्या गळ्यात मी महागडं कशाला मारीन?” इंदुरात राहून फोनवर असं मराठी कानावर पडलं की माणूस सैल पडतो, हे इंदूरबाहेरच्यांना पटायचं नाही.

फी ४९,९९९. पण आज रात्री बारापर्यंत ३०,९९९, पाचच सीट शिल्लक. ९९९ आत्ता यूपीआयने, उरलेले ३०,००० ‘मंथली फी’ म्हणून २,५०० चे बारा हप्ते, व्याज शून्य. स्टुडंट आयडीसाठी पॅन, आधार आणि एक सेल्फी. कोर्सच्या ॲडमिशनला सेल्फी मागितली की फोन ठेवून द्या. आयडीला फोटो लागतो, डोळे मिचकावून काढलेली ‘लाइव्ह’ सेल्फी कर्जाच्या केवायसीला लागते.

आता तो ओटीपीचा मेसेज. रोज रात्री तो मी उघडून बघते. पाठवणाऱ्याचं नाव कोर्सचं नव्हतं, कधी न ऐकलेल्या एका फायनान्स कंपनीचं होतं. मेसेज इंग्रजीत, आणि दुसऱ्याच ओळीत ‘बॉरोअर’, म्हणजे कर्जदार. हिशेब बघणाऱ्या बाईला बॉरोअर म्हणजे कोण हे कळत नाही असं नाही. मी विचारलंसुद्धा, “हे लोन आहे का?” तो हसला. “नाही हो ताई, आमचा पेमेंट पार्टनर आहे, सगळ्यांना हाच मेसेज जातो. लवकर टाका, दोन मिनिटांत एक्स्पायर होईल, मग सिस्टिम ४९,९९९ दाखवेल.” त्या पानावर खाली बोटाएवढी एक राखाडी चौकट होती, सरकवली तर आत कराराची पानंच्या पानं, आणि ‘मी वाचले आहे’ वर टिक आधीच मारलेली. दोन मिनिटांत ते कोण वाचतं? वकीलही वाचणार नाही. ऑफिसात क्लोजिंग चालू, समोर साहेब, कानात हा ‘ताई ताई’ करतोय. मी ओटीपी टाकला. ‘काँग्रॅच्युलेशन्स’ आलं, फुगे उडाले आणि खात्यातून ५९० रुपये ‘प्रोसेसिंग’चे गेले. फीला प्रोसेसिंग नसते, कर्जाला असते.

कोर्स काय होता ते ऐका. एक पीडीएफ आणि तिच्यावर बोलणारे व्हिडिओ. पहिलं पान असं, अ‍ॅनालाइज, अ‍ॅप्रोच, एरिया, असेस, अझ्यूम, ऑथॉरिटी. एरिया! पुढे कपल, जॉब, टेप, टीम. ज्या इंदुरात भाजीवालाही ‘किस एरिया में रहते हो’ विचारतो, तिथे मी एरियासाठी ३०,९९९ मोजले. ही यादी कुठली हे शोधायला मला अर्धा तास लागला. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट, ५७० शब्दकुळं, नेटवर फुकट. एकेका कुळातली सगळी रूपं मोजली की तीनेक हजार भरतात, तेच हे ‘३००० वर्ड्स’. यादी वाईट नाही. कॉलेजची इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्याला उपयोगी आहे. पण एसएससी ज्या ईडियम्स आणि वन-वर्डवर आपल्याला मारते, ते त्यात नाहीत. वर हिंदी अर्थ यंत्राने टाकलेले, एका शब्दाला एकच. कॉन्ट्रॅक्टपुढे नुसतं ‘अनुबंध’. पेपरात कॉन्ट्रॅक्टचा विरुद्धार्थी विचारला तर उत्तर एक्स्पांड असतं, आणि ‘सिकुड़ना’ (आकसणं) हा अर्थ त्या पीडीएफमध्ये कुठेही नाही. म्हणजे पैसे देऊन मार्क घालवायची सोय. असं पाठ करायचंच असेल तर एसएससीचे जुने पेपर घ्या आणि अँकीड्रॉइड या उजळणीच्या ॲपवर अख्ख्या वाक्यांची कार्डं बनवा. ॲप फुकट आहे, सेल्फी मागत नाही.

रिफंड? ‘७ दिन में नो क्वेश्चन्स आस्क्ड.’ मी मुदतीत मेल टाकला. उत्तर आलं की १० टक्क्यांहून जास्त कंटेंट पाहिलं तर रिफंड नाही, आणि तुम्ही १४ टक्के पाहिलंय. काय पाहिलं? सक्तीचं ओरिएंटेशन, जे पाहिल्याशिवाय पुढचं कुलूपच उघडत नव्हतं! त्या मराठी माणसाचा नंबर तेव्हापासून बंद.

यानंतरची कथा जास्त संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात म्हणाले, मॅडम, कोर्स मिला ना? फिर चीटिंग कैसी, सिव्हिल मॅटर है. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. सिलेक्शनची खोटी गॅरंटी आणि ‘पाचच सीट’ची खोटी घाई, दोन्हींना त्यात मनाई आहे. त्याची प्रिंट मी पुढे केली. साहेबांनी पहिलं पान बघितलं आणि म्हणाले, ये तो दिल्ली का है. सायबरवाले म्हणाले, ओटीपी आपने डाला, ग्राहकवालों के पास जाओ. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी ती कंपनीकडे पाठवली, कंपनीने ‘टर्म्सनुसार कारवाई केली’ असं लिहून दिलं, आणि माझी तक्रार ‘निकाली’! मला एक फोन नाही, एक प्रश्न नाही. वर मेसेज, सेवेबद्दल समाधानी असाल तर पाच स्टार द्या. फायनान्स कंपनी म्हणते पैसे आम्ही संस्थेला दिले, तुमचं भांडण त्यांच्याशी. संस्था म्हणते पेमेंटचं पार्टनरला विचारा. बँकेत मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) बंद करायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, फायनान्सवाल्यांचं पत्र आणा. हप्त्याच्या तारखेला मी खातं रिकामं ठेवलं, तर कंपनीचा बाउन्स चार्ज ५९०, बँकेचा २९५, आणि वसुलीवाल्याचा फोन थेट आमच्या साहेबांना. ऑफिसात ज्या नजरेने बघतात ते लिहिण्यासारखं नाही. फसवणारा उजळ माथ्याने जाहिराती करतोय आणि प्रत्येक टेबलावर स्पष्टीकरण मी देतेय.

मग मी मुकाट हप्ते भरायला लागले, कारण उद्या घरासाठी कर्ज लागलं तर सिबिल माझं बघतील, त्यांचं नाही. आजपर्यंत गेलेले, ९९९, ५९०, चार हप्त्यांचे १०,००० आणि बाउन्सचे ८८५. एकूण १२,४७४.

कुणी मला वेळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते हे. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ असतो, किमान एक दिवसाचा तरी. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. म्हणून असं काही झालं की संस्थेच्या रिफंडची वाट बघू नका, त्याच रात्री कर्ज देणाऱ्याला मेल टाका. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचा गोषवारा, मागा, ते द्यावंच लागतं. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. आणि जिल्हा ग्राहक आयोग. कोर्ससाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. कॉल रेकॉर्ड करा. माझ्याकडे रेकॉर्डिंग नाही, फक्त व्हॉट्सॲपवरचे त्याचे ‘ताई’ आहेत.

आयोगात मी तक्रार दाखल केलीय. दरम्यान नागपूरच्या बहिणीने स्क्रीनशॉट पाठवला. तेच फुगे, तीच टेस्ट, नाव नवीन, आणि या वेळी ‘मराठी माध्यमातून ॲडव्हान्स इंग्लिश’. त्या वेबिनारमध्ये ‘सिलेक्शनची गॅरंटी’ म्हणतानाचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर डिलीट करू नका, मला कळवा. आयोगापुढे ते लागणार आहे.