एकरी किती टँकर? ऊस, गोड ज्वारी की नेपियर

सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर आला की मला गावची विहीर आठवते. मुंबईत नोकरी आणि माण-खटावात चार-पाच एकर, असे आपण पुष्कळ जण सध्या इथेनॉल आणि बायोगॅसच्या पिकांची चौकशी करतोय. आधी पाण्याचा हिशेब मांडू.

एकरभर रानात एक मिलीमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत साधारण १५०० ते २५०० मिलीमीटर लागतं. मधले २००० धरले तरी एकरी आठशे टँकर होतात. सांताक्रूझला पावसाळाभर २३०० मिलीमीटरच्या आसपास पडतो, माणदेशात वर्षाकाठी पाचशेच्या आसपास. बाकीचं विहिरीनं किंवा कालव्यानं द्यायचं.

पाणी असेल तर ऊस निराश करत नाही. खरी परीक्षा जोमदार वाढीच्या महिन्यांत असते. तेव्हा ताण बसला की पानांची छिद्रं मिटतात, कांड्या आखूड पडतात, आणि आखूड राहिलेली कांडी नंतर कितीही पाणी दिलं तरी लांबत नाही. सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उसाला, तर ऐन फुटव्यांच्या वेळी उन्हाळा गाठतो. तोडणीआधी मात्र पाणी तोडावंच लागतं, त्यानं साखर भरते. ठिबकानं बचत होते, पण मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसत असेल तर ठिबक काय करणार? शिवाय दुष्काळाचा फटका शेतापुरता राहत नाही. ऊस कमी पडणार असं दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले होते.

गोड ज्वारी, म्हणजे जिच्या ताटांच्या गोड रसापासून इथेनॉल करतात ती, चार महिन्यांत रान मोकळं करते. पाणी ४५० ते ६५० मिलीमीटर, म्हणजे एकरी दोनशे-अडीचशे टँकर. पानावर मेणाचा थर असतो. ताण पडला की पान गुंडाळून ती थांबते आणि पाऊस आला की पुन्हा वाढीला लागते. पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, पावसानं ओढ दिली आणि एखादं संरक्षित पाणी मिळालं तर फार फरक पडतो. अडचण वेगळीच आहे: तोडलेल्या ताटांतली साखर झपाट्यानं उतरते. गाळप करणारा जवळ नसेल तर ती लावूच नका.

नेपियर हे बायोगॅससाठी लावलं जाणारं उंच चाऱ्याचं गवत. एकदा लावलं की काही वर्षं टिकतं. पाणी असेल तर दर दीड-दोन महिन्यांनी कापणी. उन्हाळ्यात पाणी तुटलं तर कापण्या हुकतात, पण ठोंब जिवंत राहिले तर पावसावर पुन्हा फुटतात. मला हे फार मोलाचं वाटतं. फक्त रानात पाणी साचू देऊ नका.

कोरडवाहूत आपोआप पिकेल म्हणून बायोडिझेलच्या बियांसाठी जट्रोफा लावलेले आठवत असतील. झाडं जगली, बी मात्र नावापुरतं आलं.

मे महिन्यात गावी जाल तेव्हा पंप सलग किती तास चालतो ते घड्याळ लावून बघा. तेव्हाही पाणी पुरत असेल तरच ऊस. मार्चपर्यंतच पुरत असेल तर नेपियर, तेही गॅसप्रकल्पाशी दराचं लेखी ठरवून. दिवाळीनंतरच विहीर आटत असेल तर गोड ज्वारी.