“स्क्रीनशॉट निघूच शकत नाही” म्हणून विकलेलं अ‍ॅप

इंदूरला रामबागेत मी 22 वर्षं शिवणाचे वर्ग घेते. शिवलेली नऊवारी हा माझा हातखंडा. ओचा, काष्टा, केळं, सगळ्याची मापं मी कागदावर कापून, चुकून, पुन्हा कापून बसवलेली आहेत.

गेल्या वर्षी एका कंपनीचा माणूस घरी आला. विद्यार्थिनींना तुमचे धडे आणि कटिंगचे कागद फोनवर दिसतील असं तुमच्या नावाचं अ‍ॅप करून देतो, वर्षाचे 24,000. मला भीती एकच होती, कागद फुकट वाटले जातील. त्याने स्वतःच्या फोनवर कटिंगचं पान उघडलं आणि स्क्रीनशॉटची बटणं दाबली. ‘स्क्रीनशॉट घेता येत नाही’ अशी पट्टी आली. रेकॉर्डिंग लावलं, तर नुसता काळा पडदा. “मैडम, अब कोई माई का लाल कॉपी नहीं कर सकता.” डोळ्यांदेखत पाहिलेलं, म्हणून त्याच दिवशी पैसे भरले.

गणपतीच्या तोंडावर एक जुनी विद्यार्थिनी खजुरी बाजारातून झेरॉक्सचा संच घेऊन आली. “ताई, हे तुमचंच ना?” 14 पानं, पिना मारलेली, 120 रुपये. अक्षर माझंच. पानांवर लाटांसारख्या बारीक रेघा, कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक, आणि सहाव्या पानाच्या कडेला फोन धरणाऱ्या हाताचा अंगठा. त्याच्या टोकाला मेंदी. कुणीतरी एका फोनवर माझं पान उघडलं होतं आणि दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढला होता. मी त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसले. माझ्याच वर्गातली कुणीतरी.

भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने समजावलं. अँड्रॉइडमध्ये ‘फ्लॅग सिक्युअर’ नावाची खूण असते. ती लावली की त्या फोनवर त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग बंद. पण ती आज्ञा फक्त त्याच फोनला. समोर धरलेल्या कॅमेऱ्याला कोण अडवणार? फोन ‘रूट’ केलेला, म्हणजे त्याची आतली कुलपं काढलेली असली तर ही खूण काढूनही टाकता येते. आयफोनवर तर असं चित्राचं पान आधीच अडवायची सरळ सोयच नाही, स्क्रीनशॉट काढून झाल्यावर अ‍ॅपला कळतं. आणि ज्याने मला सगळ्यात जास्त राग आला ते हे: त्याच पॅकेजात कंपनीने ‘फ्री’ म्हणून संगणकावरचं लॉगिन दिलं होतं. मुलीच्या लॅपटॉपवर मी ते उघडलं, प्रिंट स्क्रीन दाबलं, पान जसंच्या तसं निघालं. हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

पैसे मागितले तर उत्तर आलं, “ब्लॉकिंग चालू आहे, आमची चूक नाही.” ‘कोणीही कॉपी करू शकणार नाही’ हे वाक्य तो तोंडीच बोलला होता. माझ्याकडे त्याचा कागद नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरची एक ओळसुद्धा नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण पुरावा मागितला तेव्हा माझी पंचाईत झाली. तुम्ही असं काही घेत असाल तर आधी लेखी घ्या, आणि दुसरा फोन समोर धरून स्वतः फोटो काढून बघा. संगणकाचं लॉगिन बंद ठेवायला सांगा. प्रत्येक पानावर बघणाऱ्याचा मोबाइल नंबर पुसट उमटवता येतो, तो मागा. त्याने चोरी थांबत नाही, पण कुणी केली ते कळतं. माझ्या पानांवर नंबर असता तर त्या अंगठ्याचं नाव मला कळलं असतं.

आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘एकदाच पाहा’वर विसंबून आधारचा फोटो पाठवणाऱ्या बायका मी रोज बघते. तिथेही स्क्रीनशॉट अडतो, समोरचा कॅमेरा अडत नाही. द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

केळ्याचा धडा मी अ‍ॅपवरून काढून टाकला. तो आता शनिवारी दुपारी घरीच, टेबलावर खरं कापड पसरून शिकवते.