पाइनहर्स्ट क्रमांक 2 की टर्नबेरीचं एल्सा?

रिसॉर्टमधली दोन्ही गोल्फ मैदानं जुनी, नावाजलेली. दुरुस्तीची वाट मात्र वेगळी. नॉर्थ कॅरोलायनात डोनाल्ड रॉसने घडवलेलं पाइनहर्स्ट पुढे हिरवळीखाली पार हरवलं होतं. 2010-11 मध्ये मैदान-रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी 1943 ची हवाई छायाचित्रं समोर ठेवून सुमारे 35 एकर हिरवळ काढली, वाळू आणि रानगवताचे झुपके परत आणले. पाणीही खूप वाचलं. पाणी द्यायच्या जमिनीतल्या जुन्या पाइपलाइनवरून फेअरवेची (खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) मूळ मधली रेषा शोधली, ही युक्ती मला फारच आवडते!

स्कॉटलंडच्या टर्नबेरीत रचनाकार मार्टिन एबर्टने मात्र 2016 पर्यंत फेररचनाच केली. नववं होल आता समुद्राच्या खाचेवरून दीपगृहाकडे मारायचं पार-3, म्हणजे तीन फटक्यांत पूर्ण करणं अपेक्षित असलेलं, आहे. देखणं, थरारक. पण मूळ मैदान जपायचं असेल, तर माझं मत पाइनहर्स्टला.