ऐच्छिक देणगी

फोटोत मी बॅटरीच्या तीनचाकी सायकलवर बसलोय, गळ्यात झेंडूचा हार आहे आणि मी चक्क हसतोय. सायकल नवीकोरी, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. फोटो निघाल्यावर मला खाली उतरवलं आणि पुढच्याला बसवलं. हारही तोच. मंगल कार्यालयात आम्ही अकरा जण होतो, सायकल एकच. संध्याकाळी ती पुन्हा टेम्पोत चढली. "टेस्टिंग करून घरपोच देतो" असं सायकल देणाऱ्या संस्थेचे लोक म्हणाले. ही गोष्ट जानेवारी २०२४ची.

मी शिंपी. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागं दुकान आहे. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला, म्हणून मशीन मोटरवर चालवतो. घर ते दुकान दीड किलोमीटर, कुबडीवर. उन्हाळ्यात काखेत घाम येऊन कातडी सोलते, रात्री खोबरेल लावून झोपायचं. सायकलचा मोह मला का पडला, हे एवढ्यावरून कळेल.

त्या संस्थेचा अध्यक्ष त्याआधी दुकानात आला तो कुबडीवरच. बाकावर बसला आणि पहिलं काम काय केलं, तर कॅलिपरचा, म्हणजे पायाला बांधायच्या आधाराचा, गुडघ्याजवळचा पट्टा सैल केला. मी घरी गेल्यावर करतो अगदी तसाच. "भाऊ, आपलं दुखणं आपल्यालाच कळतं," म्हणाला. धडधाकट माणूस आला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. याला चहा मागवला.

बोलायचा तेही निम्मं खरंच. दिव्यांगांना साहित्य द्यायची केंद्र सरकारची एडिप योजना आहे, १९८१पासून. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ते साहित्य बनवते, शिबिरं होतात. बॅटरीच्या सायकलला मिळणाऱ्या अनुदानाला मर्यादा असते आणि वरची रक्कम खासदार निधीतून, कंपन्यांच्या देणगीतून किंवा लाभार्थ्याकडून येते, हेही खरं. या शेवटच्या वाक्यातच त्यानं पाचर मारली. फाईलचे साडेतीन हजार आणि "लाभार्थी हिस्सा" पाच हजार. साडेआठ हजार म्हणजे माझ्या हिशोबात अस्तराचे चौतीस ब्लाऊज.

जे त्यानं सांगितलं नाही ते असं. शिबिरात आधी तपासणी होते, माप घेतात, कुणाला काय लागतं ते डॉक्टर आणि तंत्रज्ञ ठरवतात, कागद हातात पडतो, आणि वाटप नंतर वेगळ्या दिवशी होतं. माझं माप कुणी घेतलंच नव्हतं. शिंप्याच्या हे लक्षात येऊ नये!

आता जे लिहायला जड जातंय ते. बॅटरीची सायकल ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी असते. माझं प्रमाणपत्र साठ टक्क्यांचं आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पिवळं. चाळीस ते ऐंशीच्या मधल्यांना पिवळं, त्यावर निळं. मी हे त्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, "पिवळं निळं करून देतो, ते आमच्याकडं लागलं." मी गप्प बसलो. नाही म्हणालो नाही. त्या गप्प बसण्याची किंमत साडेआठ हजारांपेक्षा जास्त होती, कारण पुढं वर्षभर तक्रार करायची माझी हिंमत झाली नाही. दिव्यांग हक्क कायद्याचं, म्हणजे २०१६च्या कायद्याचं, कलम ९१ आहे. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीनं घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तरी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मला सांगितलं कुणी? त्यानंच, मी पैसे परत मागितल्यावर. कायदा चांगला पाठ होता त्याचा.

तोवर कारणं ऐकली. माल कानपूरहून निघालाय. ट्रक नागपूरला थांबलाय. मग लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठली तर ऑक्टोबरात विधानसभेची लागली. आचारसंहिता हा आपल्याकडं असा सबबीचा झरा आहे की कुणी उलट विचारत नाही. शेवटी फोन उचलणं बंद.

वर्षभरानं आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. पावत्या दाखवल्या. तिथल्या हवालदारानं पावती उजेडात धरली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. छापील मजकुराच्या खाली, शिक्क्यानं निम्मा झाकलेला शब्द होता: "ऐच्छिक देणगी". "तुम्ही तर दान दिलंय की हो," तो म्हणाला. टिंगल नव्हती त्यात, पण माझे कान तापले. ब्लाऊज शिवून मिळवलेल्या पैशातलं दान! तरी अर्ज दिला, सोबत सायकलची आश्वासनं देणारे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज छापून जोडले आणि पोच घेतली. पिवळ्या-निळ्या कार्डाचंही लिहिलं, माझ्या गप्प बसण्यासकट. अर्ज चौकशीत आहे.

मग धर्मादाय कार्यालयात पावतीवरचा नोंदणी क्रमांक तपासायला दिला, तर तो एका भजनी मंडळाचा निघाला. हे पैसे द्यायच्या आधी करायचं काम होतं, अर्ध्या दिवसाचं. शिवाय संस्थेची ट्रस्ट म्हणून नोंदणी असणं आणि दिव्यांगांसाठी संस्था चालवायची नोंदणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी २०१६च्या कायद्याखाली स्वतंत्र घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याला चहा पाजू नका. यूडीआयडीचा अर्ज फुकट असतो. टक्केवारी पटत नसेल तर अपिलाची सोय कायद्यातच आहे. तो रस्ता डॉक्टरांच्या बोर्डाकडं जातो, कुणाच्या बॅगेतून नाही. आणि आधार, प्रमाणपत्राची झेरॉक्स द्यावीच लागली तर ती कशासाठी दिली ते तिच्यावरच आडवं लिहा, तारीख घाला. मी कोऱ्या दिल्या. त्या कुठं फिरतायत, देव जाणे.

सगळ्याच संस्था अशा नसतात. मला पहिलं कॅलिपर एका संस्थेनंच दिलं होतं, आठवीत असताना, पावती न फाडता. म्हणून तर या माणसाला दारात उभं केलं नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातला एक पोरगा दुकान शोधत आला. वीस-बावीसचा असेल, दोन्ही पाय अधू, भावानं मोटारसायकलवरून आणलेला. त्याच्या मोबाईलवर माझा तो हारातला फोटो होता, खाली "लाभार्थी" असं लिहिलेलं.

"काका, तुमची सायकल बघायला आलोय," तो म्हणाला. "आमच्या गावाला चढ आहे. चढते का?"

मी त्याला कोपऱ्यातली कुबडी दाखवली. मग विचारलं, पैसे दिलेस का.

"फाईलचे दिलेत. हिस्सा सोमवारी द्यायचाय."

पावती त्याच्या खिशातच होती. मी चष्मा लावला आणि शिक्क्याखालचा शब्द शोधू लागलो.